सिझरला मी नाही म्हणतेय, माझ्याऐवजी नवऱ्याने सही केली तर चालते का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पहिलं बाळ अडीच वर्षांपूर्वी सिझरने झालं, आता दुसऱ्या वेळचा 36 वा आठवडा संपत आलाय. डॉक्टर म्हणतात तारीख ठरवून सिझरच करू, ताईंना कळा येईपर्यंत थांबून नॉर्मलचा प्रयत्न करायचाय. नवरा म्हणतो तू सही केली नाहीस तर मी करतो, आणि काउंटरवरून ऐकवलं गेलं की ऐकायचं नसेल तर फाइल घेऊन जा, बाळाला काही झालं तर पोलीस केस तुमच्यावरच होईल.

ताई, आधी पोलिसांची भीती डोक्यातून काढा. ऑपरेशनला नाही म्हणणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. गर्भपाताची, बाळ जिवंत जन्मू नये म्हणून काही करण्याची कलमं भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्ह्यांच्या कायद्यात आहेत, पण त्यात कुणीतरी मुद्दाम तसं कृत्य करावं लागतं. तुम्ही तर तपासण्या करताय, दवाखान्यातच बाळंत व्हायचं म्हणताय, हे त्यात कुठून बसणार? असल्या धमक्या नववा महिना लागलेल्या बाईला देतात याचा मला खरंच राग येतो.

आता सही. तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीत आहात, म्हणजे सही तुमचीच. तुमच्याऐवजी नवऱ्याची चालत नाही, सासूबाईंची नाही आणि तुमच्या आईचीही नाही. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा समीरा कोहली निकाल यावरच आहे. 44 वर्षांची बाई, दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिली, आणि ती टेबलावर बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोष काढून टाकले. कोर्ट म्हणालं जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, आईची संमती म्हणजे तिची संमती नव्हे. पुढे 2018 मध्ये इच्छामरणाच्या निकालातही सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की शुद्धीतला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो. बाई गरोदर आहे म्हणून तिचा हा हक्क कुठे जात नाही.

तरीही सगळा घोळ होतो तो त्या फॉर्मवर. माझ्याकडे असे कितीतरी फॉर्म आलेत, इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेले, ऑपरेशनचं नाव लिहायची जागा कोरी, खाली पेन्सिलने दोन फुल्या, एक पेशंटची एक नातेवाइकाची, आणि सही घेतली जाते ती अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर बाई कळा देत उभी असताना. कोऱ्या जागेवर सही करू नका. मराठीत समजावून सांगा म्हणावं, आणि त्यात तांबी बसवायची संमती घुसडलेली असेल आणि ती नको असेल तर ती ओळ खोडून शेजारी सही करा.

फाइल घेऊन जा म्हणाले त्याबद्दल. माझ्या दवाखान्यात हे जमणार नाही असं डॉक्टर म्हणू शकतात, आणि ते प्रामाणिकपणे आधीच सांगत असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करायचा तर बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष लागतं, रात्री दोन वाजताही ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार लागतं, हे छोट्या नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा नसतं. पण मग वेळेत सांगायचं, कागद द्यायचे, सोय आहे तिथे चिठ्ठी द्यायची. तुम्ही कळा देत दारात आलात तर मात्र परत पाठवता येत नाही, तातडीच्या पेशंटला हात लावायलाच हवा हे सुप्रीम कोर्टाने 1989 लाच सांगितलंय.

आणि ताई, नाही म्हणायचा हक्क आहे म्हणून नाहीच म्हणा असं मी सांगत नाहीये. खासगी दवाखान्यांत 100 पैकी 47 बाळंतपणं सिझरने होतात असं 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं, त्यामुळे बायकांना शंका येते ते मी समजू शकते, पण त्या आकड्यावरून तुमच्या पोटातला टाका कसा आहे ते कळत नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या गाइडलाइनप्रमाणे एका सिझरनंतर कळा घेतल्या तर साधारण 200 मध्ये एकीचा गर्भाशयावरचा जुना टाका फाटतो, आणि 4 पैकी 3 जणींची डिलिव्हरी नॉर्मल होते. पण हे आडव्या, खालच्या छेदाचं झालं. तुमचा छेद उभा असेल तर हिशोबच बदलतो, तेव्हा डॉक्टरांना आधी हेच विचारा की सिझर का म्हणताय, माझ्या बाबतीत नेमकं कारण काय.

मग एका कागदावर तुमच्या हाताने मराठीत लिहा. धोके समजावून सांगितले, मला समजले, ठरवून सिझर मला आत्ता नको, मात्र बाळाचे ठोके उतरले, टाक्यापाशी दुखायला लागलं किंवा रक्तस्राव झाला तर सिझरला माझी संमती आहे. हे शेवटचं वाक्य विसरू नका. तुम्ही बेशुद्ध झालात तर जीव वाचवायला डॉक्टर संमतीशिवायही पुढे जाऊ शकतात, न्याय संहितेचं कलम 30 आहे, पण आधीचा नुसता नकार कागदावर असला की तेच डॉक्टर कचरतात, आणि तिथे मिनिटं मोजायची वेळ असते. तारीख टाका, एक प्रत फाइलला लावायला सांगा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ऐन वेळी मत बदललं तर तोंडी सांगितलंत तरी पुरे, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या अहोंना पुढच्या तपासणीला आत घेऊन जा. भीतीपोटी बोलत असतील, डॉक्टरांकडून त्यांनाही समोर ऐकू द्या.

आणि एक काम उद्याच करा. पहिल्या सिझरच्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, ऑपरेशन नोट मागा, छेद कसा घेतला ते त्यात असतं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांनुसार 72 तासांत कागद द्यावे लागतात, पण रेकॉर्ड ठेवायची सक्ती 3 वर्षांचीच आहे आणि तुमची अडीच झालीत.