चिनी सिंहांची जोडी कलली, हिरवी पडली

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांनी आमच्या महाविद्यालयाला पांढऱ्या संगमरवरी चिनी सिंहांची जोडी भेट दिली. फाटकाजवळ काळ्या मातीवरच वीतभर सिमेंट टाकून ती बसवली. दोन पावसाळ्यांत एक सिंह पुढे कलला, दोन्हींवर हिरवट-काळा थर चढला. गवंडी म्हणतो, अॅसिडनं धुवा. कोणता सिंह कुठल्या बाजूला, हाही वाद आहे.
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : अॅसिड मुळीच नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अॅसिड लागलं की ते फसफसून विरघळतं. मळ निघतो, पण आयाळीच्या कुरळ्यांची धारही जाते, आणि खरखरीत झालेल्या दगडाला शेवाळ आणखी घट्ट धरतं. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, कोपऱ्यांसाठी बांबूची काडी. तारेचा ब्रश आणि प्रेशरची नळी लांबच ठेवा. आधी मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर करून पाहा.

कलण्याचं कारण मात्र सिंहात नाही, मातीत आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वीतभर सिमेंट तिच्याबरोबर हलणारच. मुरूम लागेपर्यंत खोदा, तिथून दगडी पाया उचला आणि जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. वरच्या फरशीला बाहेरच्या बाजूनं थोडा उतार हवा. सिंह थेट सिमेंटमध्ये रोवू नका : ओल वर चढते, सोबत क्षार आणते आणि पंजांपाशी दगडाचे पोपडे सुटतात. मध्ये शिशाचा पत्रा घाला.

बाजूचा वाद पंजावरून मिटतो. चेंडूवर पंजा ठेवलेला नर, पिल्लावर पंजा ठेवलेली मादी. फाटकात पाठ इमारतीकडे करून उभे राहिलात, तर नर तुमच्या डाव्या हाताला, मादी उजव्या. नराचा उजवा आणि मादीचा डावा पंजा उचललेला असतो, म्हणून जोडी बरोबर लागली की दोन्ही पंजे वाटेकडे येतात. आता ते बाहेरच्या बाजूला दिसत असतील, तर अदलाबदल झाली आहे. पाया नव्यानं घेताना तेवढंही उरकून घ्या.

जबड्यातला दगडी गोळा हलत असेल तर तो तुटलेला नाही, त्याच दगडात तसा कोरलेला असतो. एमसील लावून चिकटवू नका. त्यामागची माती आणि गांधीलमाश्यांचं घर तेवढं काढा. आणि गावातलं कुणी शेंदूर-तेल लावायला आलं, तर लगेच थांबवा. तेल संगमरवरात मुरतं, डाग निघत नाही.