सुट्टीत क्लासिकल गिटार शिकणारेस ना, मग हे वाच

रोज चार तास बसणार म्हणतोस ते ऐकून खूप छान वाटलं, पण सलग नको रे, अर्धा तास वाजव मग दहा मिनिटं हात मोकळे सोड. मनगट दुखत असताना मी रेटून वाजवलं आणि अख्खा मे महिना गिटारला हात लावता आला नाही, तेव्हा दुखलं की थांबायचं.

गिटार नायलॉनच्या तारांचीच घे, गळा रुंद असतो, नटपाशी (गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साधारण 52 मिमी, सुरुवातीला बोटं ताणली जातात पण होते सवय. उजव्या हाताची नखं थोडी वाढव, डाव्याची कापून टाक.

आणि इटालियन गिटारवादक जुलियानीचे 1812 सालचे उजव्या हाताचे 120 व्यायाम नक्की कर, डाव्या हाताला दोनच कॉर्ड्स असतात त्यामुळे सगळं लक्ष उजव्या बोटांवर राहतं, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव आणि आवाज गोल येईपर्यंत स्पीड वाढवूच नकोस.

पुण्याचा एप्रिल-मे एकदम कोरडा, लाकूड तडकतं. गिटार केसमध्येच ठेव, सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज, आणि उन्हात गाडीत तर अजिबात सोडू नकोस.