सीसीटीव्हीचं फुटेज, वकील आणि नऊचा ताळा

ताई, तुमचा प्रश्न असा: डिचोलीला तुमच्या दुकानासमोर दुचाकीचा अपघात झाला, तो तुमच्या कॅमेऱ्यात आला, आणि आता वकील म्हणतात फुटेजची 'हॅश व्हॅल्यू' हवी. मुलाने ६४ अक्षरांची एक रांग काढून दिली. दोन जीबीचं चित्रण एवढ्याशा ओळीत मावतं कसं, आणि कोर्टाने त्यावर विश्वास का ठेवायचा?

मावत नाही. त्या ओळीतून चित्रण परत मिळत नाही, मिळावं अशी अपेक्षाही नाही. ती ओळ म्हणजे ताळा आहे.

माझे वडील म्हापशाला एका पेढीवर दिवाणजी होते. बेरीज झाली की ते नऊचा ताळा घ्यायचे. समजा ३४५० अधिक १२७८, उत्तर ४७२८. ३४५० चे अंक मिळवले तर १२, म्हणजे ३. १२७८ चे १८, म्हणजे ९, आणि नऊ टाकून द्यायचे, उरलं शून्य. तीन अधिक शून्य तीन. उत्तराचे अंक २१, म्हणजे ३. ताळा जमला, वही मिटली. पण घाईत कोणी ४७२८ च्या जागी ४२७८ लिहिलं तर? अंक तेच, ताळाही तोच ३, आणि साडेचारशे रुपये गायब. चुकून झालेली गफलतच जिथे निसटते, तिथे मुद्दाम लबाडी करणाऱ्याला तर रान मोकळंच.

हॅश हा लबाडालाही फसवता येऊ नये म्हणून बांधलेला ताळा आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एका टिंबाचा फरक पडला तरी उत्तर ओळखू येणार नाही इतकं बदललं पाहिजे, आणि हवं ते उत्तर येईल अशी फाइल कोणाला बनवता येऊ नये.

लोक इथे रगड्यावर वाटलेल्या मसाल्याचा दाखला देतात: वाटणातून नारळ परत मिळत नाही. अर्धं बरोबर आहे. पण एक मिरी कमी पडली म्हणून कोणाच्या हुमणाची चव उलटीपालटी होत नाही. हॅशची होते. ६४ अक्षरं म्हणजे आत २५६ शून्य-एक. फाइलमधलं एकच शून्य एक केलं, तर त्यातले साधारण निम्मे पालटतात.

हे होतं कसं, ते एसएचए-२५६ मध्ये बघू, कारण तुमच्या मुलाने बहुधा तोच वापरलाय. कोणतीही फाइल म्हणजे शेवटी शून्य आणि एकच्या मण्यांची लांबलचक माळ. तिच्या टोकाला एक '१', मग लागतील तितकी शून्यं आणि मूळ माळेची लांबी जोडतात, म्हणजे तिचे ५१२ मण्यांचे सारखे तुकडे पडतात. बाजूला आठ खण, प्रत्येकात ३२ मणी. एकेक तुकडा या खणांवर ६४ फेऱ्या घुसळला जातो. फेरीत काय होतं? खणातली माळ गोल फिरवायची, उजवीकडून पडलेले मणी डावीकडून आत घ्यायचे. फिरवलेल्या माळा एकमेकींवर ठेवून ताडायच्या. मग तुकड्याचा एक भाग आणि एक ठरलेला आकडा त्यात मिळवायचा, आणि बेरीज ३२ मण्यांबाहेर गेली तर हातचा फेकून द्यायचा. ६४ फेऱ्या संपल्या की या तुकड्याआधी खणांत जे होतं, तेही पुन्हा मिळवायचं. ही शेवटची बेरीज फार कामाची. घड्याळात ३ वाजलेत एवढंच कळलं तर १० वाजता ५ तास मिळवले की ८ वाजता ७, हे कोण सांगणार? उलट जायची वाट तिथे बुजते. मग तेच खण पुढच्या तुकड्याला. शेवटी खणांत जे उरलं तो हॅश.

यातलं मला आवडणारं म्हणजे ते ठरलेले आकडे. हा हिशेब अमेरिकेच्या एनएसए या हेरगिरी करणाऱ्या संस्थेने रचला, तेव्हा आकड्यांत चोरवाट असेल ही शंका रास्तच. म्हणून आठ खणांचे सुरुवातीचे आकडे पहिल्या ८ मूळ संख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकी भागातून घेतलेत, आणि ६४ फेऱ्यांचे पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. कोणीही ताडून बघावं.

दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येऊ शकतो का? येणारच, फाइली अगणित आणि हॅश मोजके. पण ते मोजके म्हणजे ७८ आकडी संख्येइतके. तरी सावध राहावं लागतं. आपल्या गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार. त्यातल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती वाटते? जवळजवळ ८९ टक्के, कारण जोड्या ७८० पडतात. त्यामुळे एकच हॅश येणारी कोणतीही जोडी शोधणाऱ्यापुढे हॅशची खरी ताकद मण्यांच्या निम्मीच धरायची, इथे १२८ मणी. तेवढीही आजच्या सगळ्या संगणकांना पेलणारी नाही.

जुने हिशेब मात्र कोसळलेत. एमडी-५ च्या टकरी, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश, चिनी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवल्या. एसएचए-१ चा २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने निकाल लावला: दोन वेगळ्या पीडीएफ, हॅश एकच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं (१ जुलै २०२४ पासून), त्यात हे दोन्ही अजून एसएचए-२५६ च्या शेजारी छापलेले आहेत. तुमच्या आधीपासून असलेल्या फाइलला जुळणारी खोटी फाइल बनवणं एमडी-५ मध्येही अजून कोणाला व्यवहारात जमलेलं नाही, पण समोरच्या वकिलाला आयता मुद्दा कशाला द्या? एसएचए-२५६ वरच खूण करा.

फाइलचं नाव बदललं तरी हॅश तोच राहतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलंत तर मात्र ते चित्रण दाबून लहान करतं, आणि हॅश पार वेगळा येतो. मी स्वतः यात आपटलोय. शेजाऱ्याच्या भांडणाचं फुटेज फोनवर मागवलं, त्यावरून हॅश काढला, आणि डीव्हीआरमधल्या, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतल्या, मूळ फाइलशी तो जुळेना. दोन दिवस मी मशीनला दोष देत होतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि हॅश मात्र डीव्हीआरमधून थेट पेन ड्राइव्हवर घेतलेल्या फाइलचाच काढा.

तुमचा प्रोग्रॅम बरोबर चालतो का, हेही तपासता येतं. इंग्रजी छोट्या लिपीत एबीसी ही तीनच अक्षरं असलेली फाइल करा, शेवटी एंटर न दाबता. एसएचए-२५६ हॅश बीए७८१६बीएफ असा सुरू होऊन एफ२००१५एडी वर संपला पाहिजे. गोव्यात काढा नाहीतर जपानमध्ये, तोच.

एक मात्र हॅश सांगत नाही: चित्रण खरं आहे का. हॅश काढल्यापासून ते बदललेलं नाही, एवढंच तो सांगतो. डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर ती चूकही जशीच्या तशी जपली जाईल. तेव्हा वकिलांकडे जायच्या आधी डीव्हीआरचा पडदा आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढून ठेवा.