लोक अदालतीत मिटलेली केस आणि फॉर्मवरचा ‘नाही’

प्रश्न: केंद्र सरकारच्या एका खात्यात लिपिक म्हणून माझी निवड झाली आहे. २०१९ मध्ये, मी एकोणीस वर्षांचा असताना, शेजाऱ्यांशी वाटेवरून भांडण झाले. माझ्यावर व मोठ्या भावावर भा.दं.वि. ३४१ (वाट अडवणे), ३२३ (मारहाण), ५०४ (अपमान करून चिथावणे) सह ३४ (सामाईक इरादा) खाली गुन्हा नोंदला गेला. दोन वर्षांनी लोक अदालतीत आपसात मिटले. वकील म्हणाले, आता केस संपली. म्हणून साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्ममध्ये) सगळीकडे ‘नाही’ लिहिले. आता पडताळणीचे कागद पोलिसांकडे जाणार आहेत. गुन्हा दिसेल का? आधीच चारित्र्य प्रमाणपत्र काढून ठेवू का?

उत्तर: दिसेल. ठाण्याच्या रजिस्टरमधला गुन्हा मिटवामिटवी झाली म्हणून कुणी खोडून टाकत नाही. प्रत्येक भरतीनंतर अशी पत्रे येतात आणि सगळ्यांना हेच विचारायचे असते. सही करण्याआधी फॉर्म नीट वाचला असता तर निम्मी पत्रे आलीच नसती.

तो फॉर्म आता तरी वाचा. झेरॉक्स ठेवली नसेल, असे तुमच्या पत्रावरून वाटते. खात्याच्या संकेतस्थळावर कोरा नमुना मिळाला तर तो घ्या. त्यात एकापाठोपाठ वेगवेगळे रकाने आहेत: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला भरला गेला आहे का? कधी जातमुचलका (नीट वागण्याच्या हमीचा बाँड) लिहून घेतला आहे का? दंड, शिक्षा? आणि शेवटी, हा फॉर्म भरताना एखादा खटला प्रलंबित आहे का? तुमच्या वकिलांचे ‘केस संपली’ हे वाक्य फक्त या शेवटच्या रकान्याचे उत्तर आहे. आधीच्या प्रश्नांत ‘कधी’ हा शब्द आहे आणि तुमचे सगळे प्रकरण त्या एका शब्दावर अडले आहे. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२०(८) प्रमाणे तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो, हे खरे. पण निर्दोष सुटलेल्या माणसावरही खटला भरला गेलेला असतोच.

खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरेल, हा इशारा त्याच फॉर्मच्या डोक्यावर छापलेला असतो. ३४१ आणि ३२३ मुळे नोकरी जाण्याचा धोका मला कमी वाटतो. त्या ‘नाही’मुळे जाण्याचा धोका मोठा आहे.

याबाबतचा मुख्य निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिला. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, गुन्हा किरकोळ असेल, सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता असा असेल, तर माहिती दडवल्याची चूक खाते माफ करू शकते. ‘करू शकते’, करायलाच हवी असे नाही. दोन, फॉर्ममधला प्रश्न मोघम असेल तर माहिती दडवल्याचा ठपका बसत नाही. ही दुसरी वाट तुम्हाला बंद आहे, कारण तुमच्या फॉर्मइतका नेमका फॉर्म शोधून सापडणार नाही. म्हणजे उरली खात्याची मर्जी. आणि ती मागायची वेळ पोलिसांचा अहवाल पोहोचायच्या आधीची आहे. अहवाल आल्यावर तुम्ही जे लिहाल त्याला ‘खुलासा’ म्हणतात आणि खुलासा वाचणारा अधिकारी कारवाईच्या तयारीनेच बसलेला असतो.

तेव्हा या आठवड्यातच नियुक्ती प्राधिकाऱ्याला पत्र द्या. गुन्हा क्रमांक, ठाणे, कलमे, खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, सगळे लिहा. ‘केस मिटल्यामुळे सांगायची गरज नाही असा माझा समज झाला, तो चुकीचा होता’ एवढे एक वाक्य पुरे. वकिलावर ढकलू नका, सही तुमची आहे.

आता तुम्ही म्हणाल, निकालाची नक्कल हातात आल्यावर पत्र देतो. इथेच मुले बुडतात. निकाल लागला त्या दिवशी सही-शिक्क्याची नक्कल मागितली असती तर आज ती घरात असती. आता अर्ज टाकाल, रेकॉर्ड गोदामात गेलेय असे ऐकाल, पुढची तारीख मिळेल. कोर्टाच्या नक्कल विभागाला तुमच्या रुजू होण्याच्या तारखेशी देणेघेणे नसते. नकलेच्या अर्जाची पावती आणि कोर्टांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावरून काढलेली खटल्याच्या स्थितीची प्रिंट पत्राला जोडा आणि ‘नक्कल मिळताच सादर करतो’ असे लिहा. नक्कल आली की एक प्रत ठाण्यातही द्या. तिथल्या नोंदीत तुमचा खटला अजून ‘न्यायप्रविष्ट’ असण्याची बरीच शक्यता आहे आणि अहवालात तसेच उतरले तर नवीच भानगड.

पत्र लिहिण्याआधी भावासोबत बसून दोन गोष्टी आठवा. ठाण्यात अटक दाखवून जामिनावर सोडले होते, की अटक न करता फक्त हजर राहण्याची, कलम ४१-अ ची नोटीस दिली होती? पहिल्यात तासाभरात घरी आला असाल तरी ती अटकच. दुसरे, भांडणानंतर तहसीलदारांकडे कलम १०७ ची, शांतता राखण्याची हमी घेणारी चॅप्टर केस चालून बाँडवर सह्या केल्या होत्या का? लोक हे साफ विसरतात, आणि जातमुचलक्याचा रकाना नेमका त्यासाठीच असतो. एक गोष्ट सांगताना दुसरी राहिली, तर पहिल्या प्रामाणिकपणाचाही उपयोग होत नाही.

चारित्र्य प्रमाणपत्र आधीच काढून फायदा नाही. खाते स्वतःच्या मार्गाने पडताळणी करते. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारे पोलीस क्लिअरन्स परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या कामाचे नाही.

एवढे करून नोकरी टिकेलच का, हे मी सांगू शकत नाही. लिपिकाचे पद, त्या वेळचे वय, किरकोळ कलमे, या बाजू तुमच्याकडे आहेत. पोलीस भरती असती तर इतक्या आशेने लिहिले नसते. तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराकडे कडक नजरेने पाहायला हरकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात २०१३ मध्येच म्हटले आहे. (तेव्हा अठराच्या आत असतात तर बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ तुमच्या बचावाला आले असते. एका वर्षाने हुकले.) निवड रद्द झालीच तर दाद मागायला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे आणि आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. तिथे तुमच्या वकिलाचा पहिला कागद हे पत्रच असेल, अहवालाच्या आधीच्या तारखेचे.

म्हणून पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘ठेवा इथे, साहेबांना देतो’ असे कुणी म्हणाले तर कागद परत उचला आणि स्पीड पोस्टाने पाठवा.