राक्षसाच्या पिल्लाला काय म्हणायचं?

प्रश्न: माझी मुलगी सध्या पिल्लांची नावं पाठ करतेय. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू इथपर्यंत ठीक होतं, पण काल तिने विचारलं की मग राक्षसाच्या आणि भुताच्या पिल्लाला काय म्हणतात? मला काहीच सांगता आलं नाही. असे शब्द आहेत का?

उत्तर: फार छान प्रश्न आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

आधी प्राण्यांचं बघू. वेगळी नावं जास्त करून पाळीव जनावरांच्या पिल्लांना मिळालीत, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू आणि गाढवाचंही शिंगरूच. रानातलं म्हणाल तर हरणाचं पाडस, सिंहाचा छावा, वाघाचा बछडा, आणि अस्वल, कोल्हा, माकड यांचं नुसतं पिल्लू. मला सगळ्यात आवडतं ते हे की वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू ही सगळी "ते", अगदी आपलं लेकरूसुद्धा, म्हणजे लहान आहे तोवर नर की मादी हे भाषा विचारतच नाही, जरा मोठं झालं की मग वासराचा गोऱ्हा होतो नाहीतर कालवड, आणि रेडकाचा टोणगा नाहीतर वगार. आणि किशोर हा शब्द आपण मुलांसाठी वापरतो ना, तो संस्कृतात शिंगरासाठीही आहे!

आता राक्षस. त्याच्या पिल्लाला वासरू-करडूसारखं नाव नाही, पण पुराणात गंमत उलटी आहे, तिथे अख्ख्या कुळाचं नावच आईवरून पडतं. दितीची मुलं ते दैत्य, दनूची ते दानव, अदितीची ते आदित्य. कद्रूची मुलं म्हणून नाग काद्रवेय, विनतेचा म्हणून गरुड वैनतेय. कुत्र्याला सारमेय म्हणतात तेही देवांची कुत्री सरमा हिच्यावरून. म्हणजे दैत्य कितीही म्हातारा झाला तरी नावाने तो दितीचं पोरच. राक्षसाचं नेमकं पोर हवं असेल तर हिडिंबेचा घटोत्कच आहे, त्याला हैडिंबही म्हणतात.

भुताला मात्र पिल्लूच नाही, कारण भूत जन्माला येत नाही, मेलेल्या माणसाचं होतं. मुंजा हे लहान मुलाचं भूत, मुंज झालेल्या पण लग्नाआधीच गेलेल्या मुलाचं, पण तो कुठल्या भुताच्या पोटी जन्मलेला नाही, त्याची आई माणूसच.