रंगाची स्प्रे गन दाबली की कंप्रेसरच्या रेग्युलेटरचा, म्हणजे हवेचा दाब ठरवणाऱ्या भागाचा, काटा ४० वरून २५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) पडतो. मेकॅनिक म्हणतो नवा घाला. घालू का?

लगेच घालू नका. वाहत्या हवेत दाब थोडा उतरतोच, स्प्रिंग आणि डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) कुठलाही रेग्युलेटर तसाच चालतो. म्हणून सेटिंग ट्रिगर दाबूनच करायचं. यावरून फोंड्यातल्या गॅरेजवाल्यांशी माझे कायम वाद होतात. गन खुंटीला लटकवून नॉब फिरवतात, काटा ४० वर आला की खूश, आणि दरवाजावर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) उठलं की दोष रंगाला!

टाकी भरून मोटर कट-आउटला, म्हणजे ती आपोआप बंद होते त्या दाबाला, थांबू द्या. नॉब वर ओढून पूर्ण ढिला करा, ट्रिगरने पाइपातली हवा काढा. काटा शून्याला टेकला नाही तर आधी गेज बदला, नाहीतर पुढची मापं फुकट. आता गनमध्ये रंग न भरता ट्रिगर पूर्ण दाबा आणि नॉब सावकाश घड्याळाच्या दिशेने फिरवा. किती दाब हवा ते गनच्या माहितीपत्रकात असतं. एचव्हीएलपीला (जास्त हवा, कमी दाबाच्या गनला) बहुधा २५ ते ३०. पुढे गेलात तर पाच-सात पीएसआय खाली उतरा आणि पुन्हा चढवत आणा. खालून वर आणलेलं सेटिंगच टिकतं. मग नॉब दाबून लॉक करा.

ट्रिगर सोडल्यावर काटा थोडा चढून थांबला तर ठीक. तसाच हळूहळू टाकीच्या दाबाकडे चढत राहिला तर व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या जागेवर) कचरा बसलाय किंवा सीट झिजलीय. नॉबखालच्या बारीक भोकातून हवा सतत फुसफुसत असेल तर डायफ्राम फाटलाय, नाहीतर पुन्हा सीटच. दुरुस्तीचं किट मिळत असेल तर तेच घाला, सबंध रेग्युलेटर कशाला?

पंधराचा उतार मात्र जास्तच आहे. ट्रिगर दाबून टाकीचा गेज बघा. तोही झपाट्याने पडत असेल तर कंप्रेसर गनला पुरत नाही. टाकीत १०० टिकून फक्त रेग्युलेटरचा काटा पडत असेल तर माझा पहिला संशय फिल्टरच्या एलिमेंटवर, म्हणजे आतल्या गाळणीवर. पावसाळ्यात आपल्याकडे टाकीतून तांबूस पाणी निघतं, तोच गंज एलिमेंटमध्ये जाऊन बसतो. हवा सोडून एलिमेंट काढा आणि तेवढ्यापुरतं त्याच्याशिवाय चालवून बघा. उतार कमी झाला तर चोर सापडला. नाही झाला तर रेग्युलेटर गनच्या मानाने लहान आहे, आणि मग मेकॅनिकचं खरं. पण मोठ्या मापाचा घ्या, तसलाच नको.

बारीक आणि लांब पाइपात कमी होणारा दाब रेग्युलेटरच्या गेजवर दिसत नाही, त्यासाठी गनच्या मुठीला छोटा गेज लावा. फिल्टर किंवा रेग्युलेटर उघडण्याआधी विजेचा प्लग काढून टाकीतली हवा रिकामी करा. सेफ्टी व्हॉल्व्हला पाना लावू नका. फिल्टरची पारदर्शक वाटी थिनरने धुऊ नका, पॉलिकार्बोनेट तडकतं. साबणाचं पाणी पुरे.