शेतरक्षणाची बंदूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कळंब तालुक्यात माझी तीन एकर तूर आहे, धुऱ्यापलीकडे जंगल. रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज घेऊन गेलो तर बाबू म्हणाले, "परवाने बंद आहेत, वरून आदेश आहे." शिवाय तीन एकरवाल्याला परवाना मिळत नाही म्हणे. खरं काय?

उत्तर : वरून म्हणजे कोणाकडून, आदेश किती तारखेचा, जावक क्रमांक काय, हे विचारा. कागद दाखवत नसतील तर आदेश नाही असं धरून अर्ज आवकला द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार खऱ्या शेतरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या भरमारीचा, परवाना अधिकाऱ्याने द्यायचा आहे. मर्जी झाली तर द्यावा, असं तिथे नाही. भरमार पुरणार नाही अशी खात्री पटली तर १२ बोअरसारखी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. इथे मात्र अधिकाऱ्याला मोकळीक आहे, म्हणून भरमार का पुरत नाही ते अर्जातच लिहा. शेतीचं म्हणाल तर, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. कलम १४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. तीन एकरवाल्याला हे कोणी सांगत नाही, याची आम्हाला चीड आहे.

फाईल अडते ती बहुधा पंचनाम्यांवर. भरपाई तुटपुंजी म्हणून लोक वनविभागाकडे तक्रारच करत नाहीत. मग चौकशीत "नुकसानीची नोंद नाही" असा शेरा पडतो आणि पुढचं सगळं त्या एका ओळीवर बसतं. डुकरांनी दहा ओळी लोळवल्या तरी तीन दिवसांच्या आत अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत मागा. दोन हंगामांचे पंचनामे, सातबारा, आठ-अ, ओळखपत्र, शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बंदूक कुलपात ठेवण्याचं हमीपत्र, एवढं एकत्र लावा. वय २१ पूर्ण हवं.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत यायला हवा आणि अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय. मुदत उलटली तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "माझा परवाना का अडवला?" असं लिहू नका, कारणमीमांसा करायला माहिती अधिकारी बांधील नाही. "माझ्या अर्जाच्या फाईलमधील सर्व टिपणी पानांच्या, पोलीस अहवालाच्या आणि परवाने बंद असल्याच्या आदेशाच्या प्रती द्याव्यात" असं लिहा. आदेश नसेल तर तेच उत्तर लेखी येईल, आणि अपिलात तो तुमचा सर्वांत भक्कम कागद ठरेल. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, ३० दिवसांत.

प्रश्न : निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येतो, "बंदूक जमा करा." टीव्हीवरही सांगतात की सगळ्यांना बंधनकारक आहे. ऐन जागलीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात पडून राहते.

उत्तर : बातमी अर्धवट असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या परवानाधारकांच्या प्रकरणात सरसकट जमा करण्याची पद्धत मोडून काढली. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस प्रमुखांच्या छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, आधीच्या दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले, यांच्याकडे आधी पाहायचं. तूर राखणारा शेतकरी आपोआप त्यात बसत नाही.

निवडणूक जाहीर होताच समितीच्या नावाने अर्ज द्या: परवाना क्रमांक, गट नंबर, पिकाची अवस्था, पंचनामे, गुन्हा दाखल नसल्याचं निवेदन. फोन आला तर लेखी नोटीस मागा. पण नोटीस आली की मुदतीत जमा कराच. तिथे हट्ट केला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि परवानाही जातो.

जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या. दस्त्यावरचा चरा, घोड्याची ढिलाई, सगळं. नळी आतून कोरड्या चिंधीने पुसून तेलाचा पातळ हात द्या. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि परत मिळते तेव्हा नळीत तांबडे खड्डे दिसतात. निकालानंतर आठवड्याने बंदूक परत द्यायची असते.

प्रश्न : वडील वारले. त्यांची १२ बोअर घरातच आहे. ठाण्यात दिली तर परत मिळणार नाही, असं गावात सगळे म्हणतात.

उत्तर : घरात ठेवणं जास्त धोक्याचं आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता, त्यामुळे आज ती तुमच्याकडे विनापरवाना आहे. ठाण्यावर भरवसा नसेल तर कायदा दुसरी वाट देतो: परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि तुमचा स्वतःचा अर्ज. हयात वडिलांचं वय ७० झालं असेल किंवा परवान्याला २५ वर्षं झाली असतील तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. बहुतेक घरांत हे फार उशिरा कळतं.

प्रश्न : परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारता येतं ना?

उत्तर : नाही. शस्त्राचा परवाना गृहखात्याच्या कायद्याचा, जनावर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधलं. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी आणि रोह्यासाठी (नीलगायीसाठी) वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते आणि मेलेलं जनावर सरकारजमा होतं. मांस वाटलं की "पीक राखायला मारलं" हा तुमचा बचाव संपला.

प्रश्न : बाजारात .२२ ची एअरगन "परवाना लागत नाही" म्हणून विकतात. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. नळीचा व्यास .१७७ इंचापेक्षा जास्त किंवा ताकद २० जूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो, आणि .२२ पहिल्याच अटीत अडकते. विकणारा बाजूला राहतो, पकडले जाता तुम्ही. .१७७ ची घेतली तरी डुकरासाठी ती वापरू नका. छर्रा कातडीत रुततो, जनावर जखमी होऊन तुरीत दडतं आणि सकाळी शेंगा तोडायला गेलेल्या बाईवर धावतं.

प्रश्न : जुन्या १२ बोअरमध्ये नवीन काडतूस घट्ट जातं. ठोकून बसवू का?

उत्तर : मुळीच नाही. जुन्या बंदुकांची खोली (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, चेंबर) पुष्कळदा अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरची असते आणि ७० चं काडतूसही तीत शिरतं, कारण काडतुसाची लांबी ते फुटून तोंड उलगडल्यानंतरची मोजतात. फुटताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उलगडतं आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचा. वाचता येत नसेल तर शस्त्र दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. आणि मचाणावर चढताना नळीचं तोंड चिखलात टेकलं असेल तर आधी बंदूक रिकामी करा, मग नळी उजेडात धरून आरपार पाहा. बोटभर चिखलानेही नळी फाटते.